बारांपैकी तीन

"यांतले दोन खांब आम्ही गेल्या वर्षी नवे बसवले," नांदापूरकर म्हणाले, "आणि आजपर्यंत एकाही माणसाला ते ओळखता आलेले नाहीत. दिल्लीहून मोठे साहेब आले होते, त्यांनासुद्धा नाही. हौ, त्यांनी तर छातीठोकपणे जुनाच खांब नवा म्हणून दाखवला!"

ते स्वतःच मोठ्याने हसले. माझे वडील हसले नाहीत. हातातली काठी माझ्याकडे देत त्यांनी विचारलं, "हात लावला तर चालतंय का?"

"आप्पा, संग्रहालयात काय झालं ते विसरलात?"

"तिथं काचा हुत्या. हितं दगुड हाय."

"लावा की काका, बिनधास्त लावा," नांदापूरकर म्हणाले. "देव तर कधीच गेला इथून. कुणाचा विटाळ होणार?"

१९९६ सालच्या डिसेंबरातला तो रविवार होता. वरंगळच्या अलीकडे, हमरस्त्यापासून चार किलोमीटर आत, एका पडक्या देवळाचा तेवढा मंडप शिल्लक होता. बारा खांब, चारचारांच्या तीन रांगा, काळा, घासून गुळगुळीत केलेला दगड. डागडुजीचं काम ज्यांच्याकडे होतं ते श्रीधर नांदापूरकर मूळचे आमच्याच बाजूचे. पण तीन पिढ्या हैदराबादेत काढल्यामुळे त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' कायमचे मुक्कामाला आले होते. रविवार असूनही ते कामावर होते, आणि मराठी ऐकू येताच नकाशे बाजूला ठेवून स्वतःच आम्हाला मंडप दाखवायला निघाले होते.

माझे वडील हणमंत धोत्रे यांना मात्र मंडप दिसत नव्हता. त्यांचं सगळं आयुष्य उदगीरच्या आसपास दगड घडवण्यात गेलं. एकतिसाव्या वर्षी छिन्नीखालून उडालेल्या कपचीने डावा डोळा गेला. उजव्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा पुढच्या तीस वर्षांत अशाच बारीक कपच्यांनी आणि धुळीने गढूळ होत गेला. समोर माणूस उभा आहे एवढं त्यांना कळे. कोण ते कळत नसे.

मी पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेत नोकरी करत होते, तिने मला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी हैदराबादला पाठवलं होतं. विषय होता पृष्ठभागांचा खरखरीतपणा मोजणं. हिऱ्याची अतिसूक्ष्म टोकदार सुई धातूवरून चालवायची आणि तिला लागलेले चढउतार मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदवायचे. आप्पांना मी सोबत नेलं ते डोळ्यासाठी. तिथल्या एका रुग्णालयात त्यांचं नाव नोंदवलं. नवा पडदा मृत व्यक्तीच्या डोळ्यातून मिळतो, त्यामुळे तो केव्हा मिळेल हे कोणी सांगू शकत नव्हतं. दहा आठवडे आम्ही वाट पाहत होतो. कशाची, हे आप्पांनी एकदाच बोलून दाखवलं आणि त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

दर रविवारी आम्ही काहीतरी पाहायला जात असू. हा हट्ट त्यांचाच. "एवढ्या लांब आलोय तर बगून घिऊ," असं ते म्हणत, आणि मी त्यांना वर्णन करून सांगे. चारमिनारच्या एकशे एकोणपन्नास पायऱ्या मी मोजल्या, त्या चढून गेल्यावर त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "चुन्याचं काम. गवंड्याचं. आपलं न्हवं." गोवळकोंड्याच्या दरवाजात वाटाड्याने टाळी वाजवली तेव्हा ती वर टेकडीच्या माथ्यावरच्या बालेहिसारापर्यंत ऐकू जाते हे मला पटेना. मी आप्पांना खाली बसवून स्वतः वर गेले. ऐकू आली. संग्रहालयात त्यांनी एका संगमरवरी पुतळ्याच्या पायाला हात लावला आणि रखवालदार धावत आला. बाहेर पडताना आप्पा म्हणाले, "अनसा, तू मला उंची सांगतीस, रुंदी सांगतीस. कसा घडवलाय ते सांगतच न्हाईस."

"ते मला कळत नाही, आप्पा."

"मग हात लावू दे की."

शनिवारी संध्याकाळी घरमालकांकडे रुग्णालयाचा फोन आला. पडदा मिळाला होता. सोमवारी सकाळी भरती व्हायचं होतं. मी धावतच खोलीत येऊन सांगितलं. आप्पा खाटेवर बसून शेंगा सोलत होते.

"धोका किती?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, आप्पा. सगळ्यांचं चांगलं होतं."

शेंगा सोलणं चालूच राहिलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "नगं. हाय तेवढा उजेड बास हाय. बोटांना दिसतंय माझ्या. उद्याची ट्रिप करू आन मंगळवारची उदगीरची गाडी धरू."

मी रात्रभर वाद घातला. पहाटेच्या बसमध्येही घातला. ते ढळले नाहीत.

त्यामुळे त्या मंडपात, ते खांबाकडे हात पुढे करून निघाले तेव्हा, मला एक गोष्ट सुचली. तिच्याबद्दल मला आजही फारसा अभिमान नाही.

"आप्पा, पैज," मी म्हणाले.

"कसली?"

"तुमच्या बोटांना दिसतं ना? मग नवे खांब ओळखा. ओळखलेत तर मंगळवारची गाडी, मी एक अक्षर बोलणार नाही. चुकलात, तर उद्या सकाळी दवाखाना."

त्यांनी मान वाकडी करून माझ्या आवाजाच्या दिशेने पाहिलं. "तू तपासणार?"

"मी तपासणार."

"मग लाव."

मी चाचणी योग्य रीतीने आखली. बसच्या तिकिटांच्या मागे एक ते बारा आकडे लिहिले आणि चिठ्ठ्या आप्पांच्या टोपीत टाकल्या. जी चिठ्ठी निघेल त्या खांबापाशी त्यांना न्यायचं. प्रत्येक वेळी आधी दोन गिरक्या घ्यायला लावायच्या, म्हणजे आपण कुठल्या रांगेत आहोत हे त्यांना कळणार नाही. नांदापूरकरांना उत्तर ठाऊक होतं, म्हणून त्यांना डायरीत आकडे लिहून, पान दुमडून, बाहेर पायरीवर पाठ करून बसवलं. मला उत्तर ठाऊक नव्हतं. नकळत खूण करण्याची शक्यता अशा रीतीने दोन्ही बाजूंनी बंद झाली.

"एवढं तर आमच्या मुलीचं स्थळ बघतानाही केलं नाही," नांदापूरकर बाहेरून ओरडले.

"साहेब, तिचं असंच हाय," आप्पा म्हणाले. "लहानपणी मी म्हणलं, ह्यो दगुड दोन मणाचा हाय, तर गिरणीवाल्याचा काटा मागून आणलीवती."

"किती भरला?"

"एक मण अडतीस शेर," मी म्हणाले.

"म्हंजे दोनच की!" आप्पा म्हणाले.

मग ते कामाला लागले. प्रत्येक खांबापाशी ते आधी उजव्या हाताची मधली तीन बोटं छातीच्या उंचीवर टेकवत, तसाच क्षणभर थांबत, आणि मग ती बोटं एकदा आडवी, एकदा उभी नेत. दाब जवळजवळ नाहीच. आमची हिऱ्याची सुईही तशीच चालते. दाब वाढला की ती मोजायच्या पृष्ठभागालाच ओरखडते. बोटांची पेरं दगडाइतकीच खडबडीत होती, आणि एवढ्या जाड कातडीतून काय जाणवत असेल, अशी शंका मी मनात नोंदवून ठेवली.

"जुना." पुढचा. "जुना." पुढचा. चौथ्या क्रमांकाच्या खांबावर बोटं लागताक्षणी ते म्हणाले, "नवा. मशीनचा हाय." अकराव्यावरही तसंच. सातव्यावर मात्र ते बराच वेळ रेंगाळले. खाली बसून त्यांनी तळाची कड चाचपली, पुन्हा उठले. "ह्यो बी नवा. पर त्या दोघांसारखा न्हाई."

मी लिहून घेतलं. चार, सात, अकरा.

नांदापूरकर आत आले आणि त्यांनी दुमडलेलं पान उघडलं. चार आणि अकरा.

 पुढे होऊन त्यांनी आप्पांचे दोन्ही हात हातात घेतले. "काका, कमाल केलीत! दोन्ही बरोबर. फक्त एक जास्तीचा झाला."

"जास्तीचा न्हाई," आप्पा म्हणाले. आमच्या घरची वडारी बोली तेलुगूच्या अंगाची. खात्रीचं काही बोलायचं असलं की आप्पा तिच्यात शिरत. त्यांनी तीन बोटं वर केली. "मूडू."

नांदापूरकरांना ती बोली समजत होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. त्यांनी दोन बोटं आप्पांच्या तळहातावर ठेवली. "रेंडू, काका. दोनच. मी स्वतः बसवलेत."

"मूडू."

"रेंडू!"

"पैजेप्रमाणे," मी मध्ये पडले, "उत्तर चुकलं, आप्पा. दोन बरोबर आणि एक चूक म्हणजे चूकच."

"तुमच्या लॅबात एकदाच माप घेत्यात व्हय?" आप्पा म्हणाले.

प्रश्न रास्त होता. आम्ही किमान तीनदा घेत असू. मी चिठ्ठ्या पुन्हा टोपीत टाकल्या. दुसरी फेरी निराळ्या क्रमाने झाली, तिसरी त्याहून निराळ्या. नांदापूरकर दोन्ही वेळा बाहेर बसले. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं. चार, सात, अकरा.

"कशावरून, आप्पा?" मी विचारलं. "सातवा कशावरून?"

"अंग उभं हाय त्याचं."

"म्हणजे?"

"म्हंजे उभं."

नांदापूरकरांनी माझ्याकडे पाहून समजूतदारपणे मान हलवली आणि थर्मासमधला चहा ओतायला घेतला. दोघे बाहेर पायरीवर उन्हात बसले. मी पैज जिंकले होते. सोमवारची भरती निश्चित झाली होती, आणि ती व्हावी यासाठी तर मी हा सगळा खटाटोप केला होता. चहा घेऊन निघणं एवढंच बाकी होतं.

पण बारांतून तीन खांब निवडण्याचे दोनशेवीस मार्ग आहेत. अंदाजाने बोलणारा माणूस तेच तीन सलग तीनदा निवडेल, याची शक्यता अठ्ठेचाळीस हजारांत एक. अंदाज इकडेतिकडे पसरतो; एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारी चूक अंदाजातून येत नाही. तिला कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत ते माप निकालात काढता येत नाही. प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात मला हेच शिकवलं होतं.

पर्समधली लहान विजेरी घेऊन मी सातव्या खांबापाशी गेले. समोरून प्रकाश टाकला तर काहीच दिसलं नाही. खांब इतर खांबांसारखाच काळाभोर, चकचकीत. मग विजेरी दगडाला जवळजवळ चिकटवून धरली, प्रकाश पृष्ठभागावरून सरपटत जाईल अशी. केसाहून बारीक ओरखडे उजळले. ते वरून खाली जात होते.

मी सहाव्या खांबावर विजेरी धरली. तिथे ओरखडे आडवे होते, खांबाभोवती गोल फिरणारे. पाचव्यावर आडवे. आठव्यावर आडवे. जुने खांब चाकावर फिरवत घासले होते, आणि चौथा नि अकरावा यंत्रावर फिरवले होते. सातवा तेवढा कोणीतरी हातांनी, वरून खाली, घासून काढला होता. त्याचं अंग उभं होतं.

मी गुडघ्यांवर बसले. आप्पांनी चाचपलेल्या तळाच्या कडेला, मागच्या बाजूला, बैठक आणि खांब यांच्या मधल्या फटीत नख घातलं. इतरत्र त्या फटींत पांढरट, भुसभुशीत चुना होता. इथे राखाडी आणि टणक काहीतरी होतं. सिमेंट. देवळाचं वय सात-आठशे वर्षांचं सांगत. सिमेंट आपल्याकडे आलं ते विसाव्या शतकात.

बाहेरून हसण्याचा आवाज आला. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आप्पांना ते ओरखडे कधी दिसणार नव्हते आणि नांदापूरकरांना ते बघायचे नव्हते. मी उठले आणि विजेरी बंद केली. तिथे किती वेळ उभी होते ते मी मोजलं नाही. माझ्या आठवणीत तेवढीच एक गोष्ट त्या दिवशी मोजायची राहिली.

मग मी बाहेर गेले आणि म्हणाले, "नांदापूरकर साहेब, तीन आहेत."

ते आत गेले. विजेरी त्यांनी माझ्याकडून जवळजवळ हिसकावूनच घेतली. परत आले तेव्हा पँटचे गुडघे पांढरे झाले होते. "हे माझ्या फाइलीत नाही," ते म्हणाले. "पन्नाससाठ वर्षांपूर्वी कुणीतरी गुपचूप बदललाय. एवढे लोक आले, बाई. मी स्वतः दोन वर्षं इथे येतोय. रोज त्याच खांबाला टेकून डबा खातो मी!" आणि मग डायरी उघडून, अगदी सरकारी गांभीर्याने, "काका, पूर्ण नाव सांगा. नोंद करतो."

"हणमंत यल्लप्पा धोत्रे."

"व्यवसाय?"

शाळेपासून नोकरीपर्यंत प्रत्येक अर्जात, वडिलांचा व्यवसाय या रकान्यात, मी 'बांधकाम' असा शब्द लिहीत आले होते. तो खोटा नव्हता; फक्त कोणी पुढे काही विचारणार नाही इतका गुळगुळीत होता.

"पाथरवट," मी म्हणाले. "जातं, पाटा, उंबरा, खांब, सगळं घडवतात. लिहा."

नांदापूरकरांनी लिहिलं. आप्पांनी चहाचा कप पायरीवर ठेवला, तो नीट बसला की नाही हे बोटाने पाहिलं, आणि काठी मागितली.

हमरस्त्यावर बससाठी आम्ही चिंचेखाली उभे होतो.

"अनसा," ते म्हणाले, "तुला कुणी इचारलं नव्हतं."

"नाही."

"गप बसली असतीस तर उद्या मला दवाखान्यात घालता आलं असतं. मी पैज मोडली नसती."

"माहीत आहे."

"मग?"

"माप बरोबर होतं, आप्पा."

त्यांनी मान डोलावली. एक ट्रक गेला, त्याची धूळ खाली बसेपर्यंत थांबले. "आता डोळ्याचं माप सांग. डॉक्टर काय म्हणला हुता? खरं."

मी रस्त्याकडे पाहत सांगितलं. "तुमच्यासारख्या दहा डोळ्यांपैकी सहा स्वच्छ होतात. तीन पुन्हा गढूळ होतात, आहेत तसे. आणि एकाचा आहे तो उजेडही जातो."

"मला म्हणलीस, समद्यांचं चांगलं हुतं."

"खोटं बोलले."

"कळलं हुतं. तू खोटं बोलतीस तवा लई गोड बोलतीस." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मला भ्या डोळ्याचं नव्हतं, पोरी. पर जी पोरगी गिरणीवाल्याचा काटा आणून बापाला खोटं पाडती, तीच मला माप सांगंना. म्हणलं, मग ह्यात कायतरी लईच वंगाळ असंल."

मी त्यांच्या टोपीवरची धूळ झटकली.

"दहात सहा," ते पुटपुटले. उजव्या हाताची बोटं डाव्या तळहातावर एकेक टेकवत त्यांनी ते पुन्हा मोजलं. "खाणीतनं दहा चिरे काढले की घडायला सहाच येत्यात. तरी आम्ही रोज खाणीत जातच हुतो की. किती वाजता जायचं उद्या?"

"सातला. पण पैज तुम्ही जिंकलात. मंगळवारची गाडी ठरली होती."

"गाडी काय, रोजच असती. उपाशीपोटी जायचं का खाऊन?"

"उपाशी."

"मग आज रातीला झुणका कर. तिखट."

ते सहांतले निघाले. हे मी केवळ नोंदीसाठी लिहिते. ते चौघांतले निघाले असते तरी त्या रविवारी घेतलेला निर्णय तितकाच बरोबर ठरला असता. निकालावरून निर्णयाची परीक्षा करू नये, असं मी आजही विद्यार्थ्यांना सांगते, आणि ते मला पटवून देणारा माणूस चौथीसुद्धा पास नव्हता, हेही सांगते.

नंतरची अकरा वर्षं ते उदगीरला दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हैदराबादची हकिकत ऐकवत. तिच्यात चारमिनार नसे, गोवळकोंडा नसे, डोळासुद्धा क्वचितच असे. एका दिवाळीला मी घरात असताना ते शेजारच्या मास्तरांना सांगत होते. "पाचशे खांब हुते, मास्तर. आन दिल्लीचे साहेब हरले तिथं आमच्या अनसानं नवा खांब हुडकून काढला."

मी बाहेर आले. "बारा होते, आप्पा. आणि खांब तुम्ही शोधला."

"बारा तर बारा," ते म्हणाले. डोळे बारीक करून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग मास्तरांकडे वळले. "मी नुस्ता सांगितला, मास्तर. माझं कोण ऐकतंय? हुडकला तिनं."